मातीसकट आणा: झांबियाच्या वारुळावरची अळंबी आणि आमचे बाबा

जानेवारीत दुबईकर सहसा कुठे जात नाहीत. वर्षातून तेवढेच दोन-तीन महिने इथे खाली बागेत खुर्ची टाकून बसता येतं, त्यामुळे सगळे पाहुण्यांना इकडे बोलावतात. मी मात्र नेमकी त्याच जानेवारीत वडिलांना घेऊन झांबियाला चिखल तुडवायला गेले. सिंह, हत्ती आणि व्हिक्टोरिया धबधबा यांपैकी काहीच आम्ही पाहिलं नाही. आम्ही गेलो एक अळंबी बघायला. ऑफिसात रजा मागताना मॅनेजरला कारण सांगितलं, तर तो म्हणाला, "फॉर मशरूम? सिरियसली?" मी म्हटलं, सिरियसली. रजा मिळाली.

आता मागची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव कुडाळजवळ. बाबा वीज मंडळात लाइनमन होते. तारांच्या मागे रानोमाळ हिंडल्यामुळे कुठल्या खांबाजवळ कुठलं वारूळ आहे हे त्यांना पाठ. आमच्याकडे श्रावणात मासे-मटण बंद झालं की पानात मानाची जागा अळंबीची. वाळवीच्या वारुळावर उगवते ती, खोबरं आणि तिरफळ घालून केलेली. वाडीत कुणालाही अळंबी मिळाली की आधी ती बाबांना दाखवायची आणि बाबांनी "खुशाल करा" म्हटलं की मगच चुलीवर चढवायची, अशी रीतच होती.

गेल्याच्या गेल्या श्रावणात माझ्या वहिनीने मोकळ्या मैदानातून अळंबी आणली. वहिनीचा ओटा म्हणजे आरसा, त्यावर मातीचा कण चालत नाही. तिने बाहेरच्या नळावर अळंबी स्वच्छ धुतली, देठांची टोकं कापली आणि चाळणीत घालून बाबांसमोर धरली. बाबांचे गुडघे तेव्हा फार दुखत होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "खुशाल करा." संध्याकाळपर्यंत अख्खं घर ओकत होतं. पुतण्याला सलाइन लावावं लागलं. सगळे बरे झाले, देवाची कृपा. बाबांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त त्यानंतर आमच्या घरी अळंबी आली नाही आणि वाडीतूनही कुणी दाखवायला आलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस त्या न बोलण्याने आतून खचला. दुबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायला मी होतेच, पण फोनवरून कुणाची उमेद परत आणता येत नाही. म्हणून थंडीचे दोन महिने मी त्यांना इकडे आणलं.

माझं ऑफिस जबल अलीत. शेजारच्या डेस्कवर चिलेशे नावाची झांबियाची मैत्रीण बसते. एकदा जेवताना तिने फोनवर फोटो दाखवला. तिची भाची रस्त्याकडेला उभी, आणि डोक्यावर छत्रीसारखी धरलेली एक अळंबी. एकच. मला वाटलं, हल्ली कॉम्प्युटरवर काहीही बनवतात. चिलेशे म्हणाली, "खरी आहे. आम्ही तिला चिकोलोवा म्हणतो. पावसाळ्यात माझी आई स्वतः शोधून आणते. ये एकदा."

घरी येऊन मी फोटो बाबांना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला. छत्रीकडे पाहिलंच नाही, सरळ देठाच्या खालच्या टोकाशी गेले. "हिचा मूळ खंय?" एवढं विचारलं आणि पुढच्याच क्षणी फोन परत दिला. "माका विचारू नको गो."

बस्स, त्या एका प्रश्नावर मी तिकिटं काढली. ज्याला खरंच काही नको असतं, तो मूळ कुठे आहे असं विचारत नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी कामाचं. दुबईहून लुसाकाला थेट विमान आहे, सात-आठ तासांचा प्रवास. व्हिसाचे नियम बदलत असतात, स्वतः तपासा. मलेरियाच्या गोळ्या आणि इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, विशेषतः बरोबर वयस्कर माणूस असेल तर. जानेवारीत तिथे भर पावसाळा असतो, पावसाळी बूट न्याच. मी फॅशनचे नेले आणि पहिल्याच दिवशी त्यांचा निकाल लागला. विमानतळावर बाबांनी कॉफीचा दर वाचला, "वीस दिरहॅम म्हणजे पावणेपाचशे रुपये" असं मोठ्याने म्हणाले आणि बाटलीतलं पाणी प्यायले. निघताना माझी अकरा वर्षांची इरा त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजोबा, प्रॉमिस मी, डोन्ट ईट एनीथिंग वाइल्ड, ओके?" बाबांनी "ओके" म्हटलं. मला त्या ओकेचा राग आला.

लुसाका ते मकुशी

चिलेशे आमच्या आधी पोचली होती. तिच्या भावाच्या गाडीतून आम्ही उत्तरेकडे निघालो. चिलेशेचं गाव मकुशीकडे, तिथपर्यंत चार-पाच तास धरा, पण रस्त्याचं काम आणि तांब्याच्या खाणींकडे जाणारे ट्रक यांनी जास्तही लागतील. रात्री हा रस्ता नको. खाण्याची काळजी करू नका, जागोजागी भाजलेली कणसं, केळी आणि उकडलेल्या शेंगा मिळतात. एका दिरहॅमला सहा-सात क्वाचा मिळत होते आणि बाबा आता क्वाचाचे दिरहॅम आणि दिरहॅमचे रुपये करत होते, त्यामुळे वेळ बरा गेला.

शहर सुटलं आणि झाडी सुरू झाली. मिओम्बो म्हणतात या रानाला. दाट जंगल नव्हे. झाडं अंतर राखून उभी, खाली गुडघाभर गवत, वरून छत्र्यांसारखे पसरलेले शेंडे. आणि मध्ये मध्ये वारुळं. आपल्याकडे वारूळ कमरेएवढं असलं तरी लोक हळद-कुंकू वाहतात. इथे ती घराएवढी, वर झाडं उगवलेली. बाबा काचेला नाक लावून बसले होते. क्वाचाचा हिशेब बंद पडला होता.

मग ती दिसली. रस्त्याकडेला एक बाई दोन्ही हातांत एकेक छत्री धरून उभी होती. गाडी थांबली. मी जवळ गेले आणि खरं सांगते, हसूच आलं. भाकरीच्या परातीपेक्षा मोठी टोपी, तपकिरी, मध्ये गडद उंचवटा. खाली पांढऱ्या पात्या, पुस्तकाच्या पानांसारख्या एकमेकींना चिकटून. देठ मनगटाएवढा. खाण्याजोग्या अळंब्यांमध्ये जगात सर्वांत मोठी हिलाच मानतात. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसीस टायटॅनिकस. आपली वारुळावरची अळंबी हिच्याच घराण्यातली, पण धाकट्या पातीची.

बाबांनी ती हातात घेतली. टोपीवर अंगठा फिरवला, पात्यांचा वास घेतला. मी लगेच विचारलं, "काय बाबा? आपलीच ना?"

त्यांनी अळंबी त्या बाईला परत दिली, हात रुमालाला पुसले आणि गाडीत जाऊन बसले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाबा तर ताकाच्या भांड्याकडे बघायलाही तयार नव्हते.

बाना चिलेशेच्या घरी

चिलेशेच्या आईला सगळे बाना चिलेशे म्हणतात, म्हणजे चिलेशेची आई. आपल्याकडच्या "बंड्याच्या आई"सारखंच, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्या निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका. उंच, सरळ पाठीच्या, आणि समोरच्याला विद्यार्थी समजूनच बोलणाऱ्या. घर कौलारू, मागे मक्याचं शेत, त्यामागे रान. मी बाबांची ओळख करून देताना नको तितकं कौतुक केलं. "माझे वडील आमच्या गावातले अळंबीचे एक्सपर्ट आहेत."

"एक्स," बाबा इंग्रजीत म्हणाले. "एक्स-एक्सपर्ट."

बाना चिलेशेंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कारण विचारलं नाही. "उद्या पहाटे रानात जाऊ. खणायला हात लागतील, माझी कंबर धरलीय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रात्रभराच्या पावसाने रान निथळत होतं. त्या पुढे, बाबा मागे काठी टेकत, आणि शेवटी मी, माझ्या वाया गेलेल्या बुटांसह. वाटेत एक लालभडक आणि एक दुधासारखी पांढरी अळंबी लागली. बाना चिलेशे दोन्हींना वळसा घालून गेल्या. पांढरीच्या बुंध्याशी फाटकी पिशवी होती, अंड्याचं टरफल असावं तशी. "ही माणूस मारते," त्या म्हणाल्या. बाबांनी मान डोलावली, कारण तिच्या जातीची आमच्याकडेही आहे.

एका वारुळाच्या उताराला चिकोलोवा उभी होती. टोपी अजून पुरती उघडली नव्हती. मी कॅमेरा काढला आणि देठाला हात घातला. माझा विचार होता, उपटायची आणि छान फोटो काढायचा.

"थांब," दोन आवाज एकदम आले. एक इंग्रजीत आणि एक मराठीत. बाबा आणि बाना चिलेशे एकमेकांकडे बघून पहिल्यांदा हसले.

बाबा खाली बसले. गुडघे दुखणारा माणूस ओल्या मातीत मांडी घालून बसला आणि हातांनी माती काढू लागला. बाना चिलेशे उभ्या राहून सूचना देत होत्या, बाबा त्या ऐकतही नव्हते आणि तरी सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणेच होत होतं. देठ जमिनीत संपत नव्हता. खाली जाता जाता तो निमुळता झाला, मुळ्यासारखा, आणि थेट वारुळाच्या पोटात शिरला. टोकाला वाळवीने चघळून बनवलेला भुरकट, भोकाभोकांचा स्पंजासारखा गोळा. वाळवी आत ही बुरशी शेतासारखी पिकवते आणि पावसात तिचंच फूल वर येतं, ते म्हणजे अळंबी. हे मी वाचून गेले होते. वाचलेलं वेगळं, आणि बापाच्या हातात ते मूळ बघणं वेगळं.

"ह्याच," बाबा म्हणाले. "आमच्या थंय पण असाच मूळ जाता." मग बाना चिलेशेंकडे वळून इंग्रजीत, "सेम. सेम रूट."

"म्हणूनच आमच्याकडे देठ कापून विकत नाहीत," त्या म्हणाल्या. "देठाच्या टोकाची माती हीच तिची ओळख. टोपी कुणाचीही असू शकते. मूळ वारुळातून आलं असेल तरच ती घरात येते."

बाबा बराच वेळ मुळाची माती चाचपत बसले. मग त्यांनी मराठीत एक प्रश्न सांगितला, आणि मी तो इंग्रजीत केला. "कुणी धुऊन, टोक कापून, स्वच्छ करून दाखवायला आणली तर तुम्ही काय सांगता?"

"मी सांगते, मला माहीत नाही."

"घरच्या माणसाने आणली तरी?"

"माझ्या सख्ख्या बहिणीने आणली होती. तिची टोपली मी खड्ड्यात ओतली. ती वर्षभर बोलली नाही माझ्याशी. पण बोलायला जिवंत होती ना."

मी हे मराठीत सांगितलं. बाबा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांना हात नव्हते, कारण दोन्ही हात मातीचे होते. तिथेच, त्या वारुळावर बसून, त्यांनी चाळणीची सगळी गोष्ट एका परक्या बाईला सांगितली. मी फक्त भाषांतर करत होते. मुलीच्या तोंडून आपलीच गोष्ट इंग्रजीत ऐकताना त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. मला मात्र सगळं लख्ख दिसलं. बाबांची नजर कमी झाली नव्हती. जे बघून ते आयुष्यभर ओळखत आले, तेच त्या दिवशी कापून टाकलेलं होतं, आणि "मला माहीत नाही" हे चारचौघांत मान असलेल्या माणसाच्या तोंडून निघालं नव्हतं.

घरी आल्यावर बाना चिलेशेंनी टोपीचा एक तुकडा पात्या खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि वर वाडगा झाकला. "सकाळी हिचा रंग बघा. ही गुलाबीसर पूड टाकते. गवतावर, हिरवळीवर उगवणारी एक असते, दिसायला साजरी, तिची पूड हिरवट पडते. आमच्या शाळेच्या वसतिगृहातल्या मुली तिने आजारी पडल्या होत्या."

"हिरवट?" बाबांनी दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी कागदावर पात्यांची रेघ न् रेघ उमटली होती, फिकट गुलाबी. बाबा चष्मा लावून बघत राहिले. मग शेंगदाण्याचा कूट, टोमॅटो आणि कांदा घालून अळंबी शिजली. सोबत न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हाताने गोळा करून त्यातच भाजी उचलायची, कोकणी माणसाला शिकवावं लागत नाही. चव? कोंबडीच्या जवळची, पण मातीचा एक वास शेवटपर्यंत मागे राहणारा. तिरफळाची आठवण झाली. बाबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मग इराला दिलेलं वचन सरळ मोडून तीनदा वाढून घेतलं.

पुन्हा दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी

परतल्यावर आठवडाभरात गंमत झाली. आमच्या बिल्डिंगमधले कुलकर्णी काका, पुण्याचे, उत्साही, संध्याकाळी स्टीलचं भांडं घेऊन आले. दोन इमारतींमधल्या हिरवळीला रोज पाणी देतात, तिथे पांढऱ्याशुभ्र अळंब्या उगवल्या होत्या. काकांनी त्या धुऊन, देठ कापून, नीट मांडून आणल्या होत्या.

"बघा आजोबा माल. एकदम फ्रेश, हबीबी. सुपरमार्केटमध्ये एवढ्याला वीस-पंचवीस दिरहॅम, म्हणजे सरळ पाचशे रुपये. तुम्ही फक्त हो म्हणा, बायकोने कांदा चिरून ठेवलाय."

मी स्वयंपाकघराच्या दारात थबकले. तीच चाळणी, फक्त देश वेगळा.

बाबांनी भांड्याकडे पाहिलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

"अहो, असं काय. तुम्ही कोकणातले, आत्ता आफ्रिकेहून शिकून आलात."

"तेच शिकून आलो. मातीसकट आणा, मग बघू."

काका थोडे नाराज झाले. पण बाबाच चपला घालून खाली निघाले, मग ते आणि इराही मागे गेले. हिरवळीवर अजून दोन-चार होत्या. बाबांनी एक बोटाने उकरली आणि ती अलगद हातात आली. मूळ नाही, वारूळ नाही, खाली फक्त गवत आणि पाण्याची नळी. घरी येऊन त्यांनी तिची टोपी इराच्या ड्रॉइंग पेपरवर ठेवली आणि वर वाडगा झाकला. सकाळी कागदावर शेवाळी हिरवा रंग होता.

"ग्रॉस," इरा म्हणाली आणि फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. कुलकर्णी काकांनी कागद पाहिला, खाली बसले आणि पाणी मागितलं. "खलास झालो असतो," एवढंच म्हणाले.

बाबा त्या कागदाकडे बघत होते. "हीच आसतली," ते मला हळूच म्हणाले. "चाळणीतली." नक्की कोण सांगणार, पण मलाही तसंच वाटतं. त्यांनी तिथूनच वहिनीला फोन लावला आणि म्हणाले, "तू धुतलंस त्याचा दोष नाही, बाय. मी न बघता हो म्हटलंय." मग वहिनी रडत म्हणाली, "बाबा, माका वाटलेलं, तुमी माझ्यावर रागावलास."

म्हणजे घरात दोन माणसं त्या चाळणीचा भार वेगवेगळा वाहत होती, आणि मध्ये आम्ही सगळे शहाणे गप्प.

जाता जाता बजावते, हा ब्लॉग वाचून कुणीही रानातली किंवा हिरवळीवरची अळंबी खाऊ नये. पुस्तकावरून नाही, फोटोवरून नाही, माझ्यावरून तर नाहीच. झांबियाला जरूर जा. चिकोलोवा बघा, तिचं मूळ बघा, आणि तिला ओळखणाऱ्यांच्या पंगतीला बसून खा.

बाबा मार्चमध्ये गावी गेले. आता श्रावण चाललाय. इथे बाहेर भट्टी आहे आणि मी ओट्याशी उभी राहून डब्यातली बटण मशरूम चिरत होते, तेव्हा वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन तिच्या ओट्यावर फिरवला. त्या आरशासारख्या ओट्यावर वर्तमानपत्रही न घालता अळंब्यांचा ढीग ठेवलेला, लांब मुळांसकट, लाल चिखलाने माखलेल्या. चिखलाचं पाणी ओघळून फरशीवर गेलं होतं. बाबा चष्मा लावून एकेक उचलत होते, मूळ बघत होते, बाजूला ठेवत होते. दोन त्यांनी खिडकीबाहेर टाकल्या.

वहिनी बाजूला हात बांधून उभी होती. ओटा पुसायला तिचे हात शिवशिवत असणार, मला ती माहीत आहे.

"बाबा," तिने विचारलं, "करू ना?"

बाबांनी शेवटची उलटी करून पाहिली.

"खुशाल कर."

वहिनीने पदर खोचला आणि खोबरं किसायला घेतलं.